शेतावरून वीजवाहिनी जाते तेव्हा: सातबारा आपलाच राहतो, मग जाते काय?

गावात मोजणीची माणसे येतात. शेतात खुंट्या ठोकतात, बांधावर चुन्याच्या खुणा करतात आणि निघून जातात. काही महिन्यांनी यंत्रे येतात, तेव्हा शेतकऱ्याला कळते की आपल्या रानात उच्चदाब वाहिनीचा टॉवर उभा राहणार आहे. मग विहारात, पारावर, चहाच्या टपरीवर दोन सल्ले मिळू लागतात. एक म्हणतो, "सही देऊ नका, सहीशिवाय ते काहीच करू शकत नाहीत." दुसरा म्हणतो, "सरकारी काम आहे, देतील तेवढे घ्या आणि गप्प बसा."

हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्यामुळे माणूस पोलीस ठाण्यात पोहोचतो, दुसऱ्यामुळे हक्काचे पैसे सोडून देतो. आपल्या समाजात ज्यांच्याकडे शेती आहे, त्यांतल्या अनेकांचा तुकडा एक-दोन एकरांचा आहे. तो वतनाचा, वाटणीत आलेला किंवा वर्षानुवर्षे कसलेला आहे. अशा तुकड्यावरून वाहिनी गेली तर काय होते आणि कायदा आपल्या बाजूने कुठे उभा राहतो, ते या लेखात आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

मूळ कायदा तारायंत्राचा

शेतावरून वीजवाहिनी नेण्याचा अधिकार ज्या कायद्यातून येतो, तो विजेसाठी झालेलाच नव्हता. तो आहे १८८५ चा भारतीय तार कायदा. त्या काळी तारायंत्राचे खांब कोणाच्याही जमिनीत रोवता यावेत म्हणून इंग्रज सरकारने हे अधिकार घेतले. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६४ ने तेच अधिकार वीज कंपन्यांना देण्याची सोय केली. सरकारने तसा लेखी आदेश काढला की संबंधित कंपनीला त्या वाहिनीपुरते तार खात्याचे अधिकार मिळतात. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही वीजवाहिन्यांसाठी जुन्या कायद्याचा हा भाग कायम ठेवला आहे. म्हणून आज ४०० केव्हीच्या वाहिनीचा वाद निघाला, तरी वकील १८८५ चे पुस्तक उघडतो.

या कायद्याच्या कलम १० मध्ये तीन गोष्टी आहेत. त्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असाव्यात. एक, कंपनीला जमिनीची मालकी मिळत नाही, फक्त वापराचा हक्क मिळतो. दोन, काम करताना कमीत कमी नुकसान करणे तिच्यावर बंधनकारक आहे. तीन, जे नुकसान होईल त्याची पूर्ण भरपाई सर्व हितसंबंधितांना द्यावी लागते.

म्हणजे हे भूसंपादन नव्हे. सातबाऱ्यावर नाव आपलेच राहते. तारांखाली ज्वारी, सोयाबीन, भाजीपाला घेता येतो. पण तिथे घर बांधता येत नाही, आंबा-साग यांसारखी उंच झाडे लावता येत नाहीत. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी दोन गुंठे विकायला काढले, तर तारा पाहून गिऱ्हाईक मागे फिरते. कागदावर जमीन पूर्ण असते, पण तिचा उपयोग आणि किंमत दोन्ही कमी झालेले असतात. सगळा वाद या घटीचा आहे.

संमती लागते की नाही?

याचे उत्तर एका कागदावर अवलंबून आहे, तो म्हणजे कलम १६४ चा आदेश. त्यामुळे कंपनीचा माणूस शेतात आला की सर्वांत आधी या आदेशाची प्रत मागावी.

आदेश असेल तर मालकाची पूर्वसंमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात हे स्पष्ट केले. तिथे विरोध करणारी कोणी गरीब विधवा नव्हती. चुनखडीचा खाणपट्टा असलेली मोठी कंपनी होती, मोठे वकील होते. तरीही न्यायालयाने संमतीची गरज नाही असे सांगितले आणि बरेचसे काम झालेल्या वाहिनीचा मार्ग बदलायला नकार दिला. यातून आपण घ्यायचा धडा असा की मार्गाबद्दलची हरकत खुंट्या ठोकल्या जातात तेव्हाच लेखी द्यावी. टॉवर उभे राहिल्यावर मार्ग बदलून मिळण्याची आशा जवळजवळ संपते.

आदेश नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा २००६ चे परवानाधारकांच्या कामांचे नियम लागू होतात. त्यानुसार मालकाची किंवा ताबेदाराची पूर्वसंमती घ्यावी लागते. त्याने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हादंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणावी लागते आणि भरपाई किंवा वार्षिक भाडे तेच ठरवतात. त्या आदेशावर वीज नियामक आयोगाकडे दाद मागता येते. धाराशिव, बीड, सांगली, सातारा या जिल्ह्यांत पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प वाढले आहेत. अशा खासगी प्रकल्पांची वीज उपकेंद्रापर्यंत नेणाऱ्या वाहिनीच्या बाबतीत हा प्रश्न जरूर विचारावा. "शासनाचे काम आहे" एवढे तोंडी उत्तर पुरेसे नाही.

यंत्रासमोर नव्हे, जिल्हादंडाधिकाऱ्यांसमोर

आदेश असलेल्या कंपनीला शेतकऱ्याने अडवले, तर तिने कलम १६(१) खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. तिथे शेतकऱ्याला आपली बाजू मांडता येते. विहीर कुठे आहे, घर किती अंतरावर आहे, वाहिनी बांधाच्या कडेने नेली तर काय फरक पडेल, गावच्या स्मशानभूमीवरून किंवा विहाराच्या जागेवरून तारा जातात का, हे सारे नकाशासह तिथेच सांगायचे. कमीत कमी नुकसान करण्याचे कायद्यातले बंधन या सुनावणीत उपयोगी पडते. टॉवर शेताच्या मधोमध न घेता बांधाकडे सरकवणे हे काही वेळा कंपनीलाही शक्य असते, पण ते मागावे लागते.

जिल्हादंडाधिकाऱ्यांनी एकदा परवानगी दिली की त्यानंतरचा अडथळा हा गुन्हा ठरतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली येत असे, आता तशीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ मध्ये आहे. जेसीबीपुढे आडवे पडलेल्या माणसाचा राग आम्हाला समजतो. पण त्या दिवशी काम पोलीस बंदोबस्तात होतेच. गुन्हा मात्र घरच्या तरुण मुलाच्या नावावर नोंदला जातो आणि नोकरीच्या वेळी आडवा येतो.

एक एकराचे गणित

आता मुख्य मुद्दा. वाहिनीच्या दाबानुसार तारांखालच्या पट्ट्याची रुंदी ठरलेली आहे. १३२ केव्हीसाठी २७ मीटर, २२० केव्हीसाठी ३५ मीटर, ४०० केव्हीसाठी ४६ मीटर आणि ७६५ केव्हीच्या दुहेरी वाहिनीसाठी ६७ मीटर. शेत कोणाचे आहे हे पाहून ही रुंदी कमी-जास्त होत नाही.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. चौकोनी धरले तर त्याची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. अशा तुकड्यावरून वाहिनी सरळ गेली, तर १३२ केव्हीत सुमारे १७ गुंठे, २२० केव्हीत २२ गुंठे आणि ४०० केव्हीत २९ गुंठे पट्ट्याखाली येतात. ७६५ केव्हीच्या दुहेरी वाहिनीचा पट्टा तर त्या तुकड्याहून रुंद आहे, म्हणजे एकरच्या एकर गेला.

हीच ४०० केव्हीची वाहिनी वीस एकरांच्या चौकोनी शेतावरून गेली तर सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन पट्ट्यात येते. मोठ्या शेतकऱ्याचे एकूण क्षेत्र जास्त गेले, पण त्याच्याकडे पावणेसतरा एकर मोकळी उरली. तो घर तिकडे बांधेल, बाग तिकडे लावेल. एक एकरवाल्याकडे उरतात अकरा गुंठे, तेही पट्ट्याच्या दोन बाजूंना विभागलेले. दोघांनाही प्रतिगुंठा सारखाच दर दिला तर वरवर पाहता समान न्याय झाला असे वाटते. प्रत्यक्षात तो समान नसतो.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. शेताचा आकार एकटा पाहून ते परवडणारे की न परवडणारे हे ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. शंभर वर्षांनंतर टॉवरखालच्या जमिनीचा हिशेब करताना हाच विचार लागू पडतो. किती गुंठे गेले एवढेच पाहू नये. त्या कुटुंबाकडे किती होते आणि किती उरले, हेही पाहावे.

सर्वोच्च न्यायालयही याच दिशेने बोलले आहे. केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की भरपाईसाठी एकच ठोकळेबाज सूत्र चालणार नाही. जमीन कुठे आहे, वाहिनी किती अंतरावरून आणि किती लांबीने जाते, ती लहान तुकड्यावरून जाते की जमिनीच्या मधून जाते, जमिनीची किंमत काय, हे सारे पाहावे लागेल. लहान तुकडा हा मुद्दा न्यायालयाने स्वतः नोंदवला आहे. आपल्या अर्जात हा निकाल नावानिशी लिहावा.

पैसे कशाकशाचे?

भरपाई चार गोष्टींची असते: उभे पीक, तोडलेली झाडे, टॉवरच्या पायाखालची जागा आणि तारांखालचा पट्टा. पहिल्या दोन बहुतेकांना माहीत असतात. चौथी अनेकांना माहीतच नसते. टॉवर शेजारच्या रानात आणि आपल्यावरून फक्त तारा, असे असेल तर "आपल्याला काही मिळत नाही" असे समजून लोक गप्प बसतात. हा गैरसमज आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये ६६ केव्ही आणि त्यावरील वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के असे त्यात होते. जून २०२४ च्या सूचनांनी हे आकडे टॉवरच्या जागेसाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के केले. टॉवरची जागा मोजताना चार पायांमधले क्षेत्र आणि चारही बाजूंना एक-एक मीटर अधिक धरायचे आहे. मार्च २०२५ च्या पूरक सूचनांमध्ये ग्रामीण भागात पट्ट्यासाठी ३० टक्के ठेवून नगरपालिका क्षेत्रात ४५ आणि महानगर क्षेत्रात ६० टक्के सुचवले आहेत. सरकारी दराऐवजी बाजारभाव ठरवण्यासाठी जमीनधारकांचा प्रतिनिधी असलेली समितीही त्यात आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा जमिनीचा भाव एकरी दहा लाख, म्हणजे गुंठ्याला २५,००० रुपये. ४०० केव्हीच्या पट्ट्याखाली २९ गुंठे गेले. त्यांची किंमत ७,२५,००० रुपये. १५ टक्क्यांनी १,०८,७५० रुपये होतात, ३० टक्क्यांनी २,१७,५००. फरक एक लाखाहून अधिक आहे. तो कोणता दर आणि कोणत्या तारखेची सूचना लावली यावर ठरतो.

केंद्राच्या सूचना राज्ये जशाच्या तशा किंवा बदल करून स्वीकारू शकतात. महाराष्ट्राच्या ऊर्जा विभागाचे स्वतंत्र शासन निर्णय आहेत. म्हणून कंपनीला लेखी विचारावे: आमच्या वाहिनीला कोणता शासन निर्णय लावला, जमिनीचा दर कोठून घेतला, पट्ट्याचे क्षेत्र किती धरले? उत्तर मिळाले नाही तर उपविभागीय अधिकारी कार्यालयात माहितीचा अधिकार वापरावा. आणि एक लक्षात ठेवावे. कायद्याचा शब्द "पूर्ण भरपाई" असा आहे. सूचनांमधली टक्केवारी ही जिल्हा न्यायाधीशांच्या हातातली बेडी नाही.

ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नीट नाही

आपल्या वस्त्यांत खरी अडचण इथे येते. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यानंतर पुन्हा मिळाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग २. आजोबा वारले, वारसनोंद झाली नाही, एका सातबाऱ्यावर वीस नावे आहेत आणि निम्मे वारस मुंबई-पुण्यात आहेत. कोणी वाट्याने कसतो. कोणी गायरानात तीस वर्षे पीक घेतो.

कायद्यात "मालकांना" असा शब्द नाही, "सर्व हितसंबंधितांना" असा आहे. त्यामुळे वर्ग २ म्हणून भरपाई नाकारण्याला १८८५ च्या कायद्यात आधार नाही. जमिनीची विक्री होतच नाही, तेव्हा हस्तांतरणाच्या परवानगीचा प्रश्नही तिथे येत नाही. वाट्याने कसणाऱ्याला पिकाच्या नुकसानीचा दावा मांडता येतो. वारसांमध्ये कोणाला किती यावर वाद असेल, तर कलम १६(४) खाली कंपनी रक्कम जिल्हा न्यायालयात भरू शकते आणि वाटा न्यायाधीश ठरवतात. भाऊबंदकीचे निमित्त करून पैसे अडकून राहण्याचे कारण नाही.

पण हक्क सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून मोजणीची बातमी कानावर येताच पुढील कामे करावीत:

– वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी.
– ई-पीक पाहणीत पीक, झाडे, विहीर, बोअर यांची नोंद करावी. गायरानात कसणाऱ्यांनी गाव नमुना १ई मध्ये आपली नोंद आहे का ते पाहावे.
– काम सुरू होण्यापूर्वी शेताचे, झाडांचे, पाइपलाइनचे तारखेसह फोटो काढावेत.
– पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे. झाडांची संख्या, जात, वय स्वतः मोजून लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.
– धनादेश घेताना "रक्कम अपुरी असल्याची हरकत राखून स्वीकारली" असे लिहून त्याची प्रत ठेवावी.
– दुरुस्तीसाठी पुढे पुन्हा गाडी शेतात आली आणि पीक तुडवले, तर त्याचाही वेगळा पंचनामा मागावा. भरपाईचे बंधन देखभालीच्या कामालाही लागू आहे.

दाद कोठे मागायची, आणि केव्हापर्यंत

रक्कम कमी वाटली तर तहसीलदार, आमदार, पालकमंत्री यांच्याकडे निवेदने देण्यात वर्षे जातात. कायद्याने सांगितलेले ठिकाण एकच आहे: कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीश. मुदत कायद्यात लिहिलेली नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध टी. पी. कुन्हालिउम्मा या प्रकरणात अशा अर्जांना मुदत कायद्याचे कलम १३७ लागू असल्याचे सांगितले. म्हणजे तीन वर्षे. निवेदनांच्या चकरांमध्ये ही तीन वर्षे निघून गेली की हक्क असूनही दार बंद होते.

जिल्हा न्यायाधीशांचा निर्णय कलम १६(५) नुसार अंतिम असतो. नेहमीचे अपील नाही. उच्च न्यायालयात जाता येते, पण मर्यादित कारणांसाठी. त्यामुळे पुरावा जिल्हा न्यायालयातच पूर्ण मांडावा लागतो: आसपासची खरेदीखते, नकाशा, झाडांचे मूल्यांकन, उरलेल्या तुकड्याची अवस्था.

"वकील कुठून आणायचा?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जात प्रमाणपत्र घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. वकील मिळतो, न्यायालयीन शुल्काचीही सोय होते. हा हक्क आहे, तो मागताना संकोच नको.

विजेला विरोध नाही

काही जण म्हणतील, असे सगळेच भांडू लागले तर वीज येणार कशी? आम्ही विजेच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि वीजही त्यांच्याच खात्याकडे होती. देशाच्या उद्योगीकरणासाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी, हा आग्रह त्यांनी त्याच काळात धरला. शेतीवर अवलंबून असलेल्या गरिबाला शेतीबाहेर काम मिळावे, हा त्यामागचा विचार होता. वाहिन्या हव्यातच. पण देशाच्या उजेडाचा खर्च एक एकरवाल्याने एकट्याने सोसावा, असे त्यात कोठेही नव्हते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा सांगितला आहे. संघाने युद्धाचा ठराव मांडला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी निवाडा करावा, असे त्याने सुचवले. म्हणजे बळाने नाही, गप्प बसूनही नाही; दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारी जागा हवी. वीजवाहिनीच्या वादात अशा जागा कायद्याने ठेवल्या आहेत: बाजारभाव समिती, जिल्हादंडाधिकाऱ्यांची सुनावणी, जिल्हा न्यायाधीश.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. गावातून वाहिनी जाणार असेल तर बाधितांची यादी करावी, सातबारे एकत्र करावेत, शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज लिहून द्यावेत. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. वीस जणांचे अर्ज एकाच दिवशी, पोच घेऊन दिले की कार्यालयाला उत्तर द्यावे लागते.

जय भीम. नमो बुद्धाय.